पाकोळीचं उष्टं

शर्वाणीने तीन आठवड्यांनी आपणहून काहीतरी खायला मागितलं, आणि मागितलं काय, तर पक्ष्याचं घरटं.

सुदेश परुळेकर तेव्हा कॉटच्या काठावर पेजेची वाटी धरून बसला होता. त्या दिवसातली ही चौथी वाटी. पहिल्या तिन्ही आल्या वाटेने परत गेल्या होत्या. चौथा महिना सरून पाचवा लागला तरी त्याच्या बायकोच्या उलट्या थांबायचं नाव घेत नव्हत्या. "माझ्या पोटात बाळ आहे की कस्टम्सचा ऑफिसर?" असं ती म्हणायची. "जे पाठवावं ते परत. कारणसुद्धा सांगत नाही." आधी हे बोलून ती हसायची. गेल्या आठवड्यापासून नुसतंच बोलायची.

"घरटं?" त्याने विचारलं.

"सूप असतं रे त्याचं. मी ती चिनी सिरियल बघते ना मोबाइलवर, त्यातल्या राणीला दिवस गेलेत. रोज सकाळी दासी तिला छोट्या वाडग्यातून देतात. पारदर्शक, थंडगार. फोडणी नाही, वास नाही, काही नाही." शर्वाणीने डोळे मिटले. "मला ते हवंय."

दुबईच्या करामा भागातल्या त्या एका बेडरूमच्या फ्लॅटच्या भिंती अशा, की शेजारच्याने सुस्कारा टाकला तरी इकडे कळावं. बाहेर हॉलमध्ये वाती वळत बसलेल्या सविताबाईंना सगळं ऐकू गेलं. सविताबाई म्हणजे सुदेशची आई. सुनेचं करायला म्हणून तीन महिन्यांच्या व्हिसावर त्या वेंगुर्ल्याहून आल्या होत्या. येताना आणलेली कुळथाची पिठी, आमसुलं आणि नाचणीचं सत्त्व या तीन अस्त्रांपैकी एकही सुनेच्या पोटात टिकलं नव्हतं, आणि त्यामुळे त्या मनातून फार खचल्या होत्या. सून काहीतरी मागतेय म्हटल्यावर त्या वाती टाकून दारात आल्या.

"झिला, आणून दी तिका."

"आई, पण ते घरटं..."

"घरटा असो नायतर वारूळ असो. तिना मागल्यान, तू आण. डोहाळे पुरे केले नाय तर पोराची लाळ गळता. तुझ्या आतेक फणस खावचो होतो, गावलो नाय. तिचो झील सात वर्सांचो होयसर लाळेरा बांधून शाळेत जाय!"

आता हा आतेभाऊ आज पुण्याला मोठ्या कंपनीत आहे आणि त्याची लाळ कधीच आटली आहे. पण सविताबाईंच्या पुराव्यापुढे बोलायची परुळेकरांच्या घरात कुणाची छाती नव्हती. त्यांना घरटं हे कुठल्यातरी मिठाईचं नाव वाटलं होतं. चिरोटा असतो, घेवर असतो, तसं घरटं. सुदेशनेही खुलासा केला नाही. त्याला एकाच गोष्टीचा आनंद झाला होता, की अखेर काहीतरी करण्याजोगं सापडलं. गेले तीन आठवडे त्याचं काम एकच होतं, बादली धरणं.

सुदेश एका फॉल्स सीलिंगच्या कंत्राटी कंपनीत परचेस ऑफिसर होता. चार हजार चौरस फूट जिप्सम तो अर्ध्या तासात मिळवून दाखवायचा. त्यामुळे सूपभर घरटं मिळवणं त्याला अवघड वाटलं नाही. सीलिंगची पॅनेलं पुरवणाऱ्या चेन मॅडमना त्याने फोनवर आडूनआडून विचारलं. चेन मॅडम दहा वर्षं त्याच्याशी पै-पैशासाठी भांडत आलेल्या. त्यांनी कधी अर्धा टक्का सोडला नव्हता. पण "वाइफ, बेबी, नो ईटिंग" एवढं ऐकल्यावर त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी स्वतः ऑफिसात आल्या आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी सुदेशच्या टेबलावर लाल रेशमी पेटी ठेवली. आत सहा घरटी. हाताच्या ओंजळीएवढी, पिवळट, दोऱ्यांचा गुंता सुकवल्यासारखी.

"फॉर युवर वाइफ," त्या म्हणाल्या. "नॉट फॉर यू."

सुदेशला गहिवरून आलं. तो गहिवर पुरता गळ्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच एचआरच्या ममता मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"सुदेश, सप्लायरकडून गिफ्ट? डिक्लेअर करावं लागेल. फॉर्म भरा."

फॉर्ममध्ये रकाना होता: वस्तूचं वर्णन. सुदेशने प्रामाणिकपणे लिहिलं, पक्ष्याचं घरटं, खाण्याचं, नग सहा. प्रामाणिकपणाने माणूस कसा गोत्यात येतो पाहा. ममता मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "खाण्याचं असेल तर पँट्रीत ठेवावं लागतं. सगळ्या स्टाफमध्ये वाटून. पॉलिसी आहे."

"मग खाण्याचं नाही असं लिहितो."

"मग वाइल्डलाइफमध्ये जाईल. त्यासाठी कंप्लायन्सचं अप्रूव्हल. कंप्लायन्सचा माणूस सुट्टीवर आहे, पुढच्या महिन्यात येईल."

पुढच्या महिन्यात! सुदेशच्या डोळ्यांसमोर पँट्रीतला देखावा उभा राहिला. बत्तीस लोक कागदी कपातून त्याच्या बायकोचे डोहाळे पितायत आणि अकाउंट्सचा किसन म्हणतोय, मीठ कमी आहे. तो हात जोडायच्या बेतात होता, तेवढ्यात चेन मॅडम दारातून परतल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गिफ्ट नॉट फॉर हिम. गिफ्ट फॉर बेबी."

"एम्प्लॉयी आणि त्याचे डिपेंडंट, दोघांनाही पॉलिसी लागू आहे," ममता मॅडमनी पान उलटलं. मग थांबल्या. पुन्हा पान मागे उलटलं. "सुदेश, बाळाचा एमिरेट्स आयडी आहे?"

"मॅडम, ते अजून यायचंय."

"मग डिपेंडंट होत नाही." त्यांनी फॉर्मवर आडवी रेघ मारली. "ज्याचा आयडी नाही, त्याचं गिफ्ट आमच्याकडे येत नाही. न्या घरी. आणि वहिनींना सांगा, काळजी घ्या म्हणावं." नियमाच्या कुंपणाला भोक कुठे आहे हे कुंपण घालणाऱ्यालाच ठाऊक असतं, आणि ममता मॅडम वाटल्या होत्या त्याहून चांगल्या निघाल्या.

तर अशी जन्मायच्या आधीच स्वतःच्या नावावर मालमत्ता केलेल्या त्या बाळाची पेटी बगलेत मारून सुदेश घरी निघाला, आणि बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये दत्तारामदादा भेटले. दत्ताराम दुसऱ्या मजल्यावर राहायचे. एका गोदामात स्टोअरकीपर होते, पण गोदामापेक्षा जास्त माल त्यांच्या डोक्यात आहे असा त्यांचा समज होता. कुठलीही वस्तू पाहिली की ते मोबाइलवर तिची कुंडली काढत.

"अरे, हे तर बर्ड्स नेस्ट! थांब, थांब." दुसरा मजला आला आणि गेला, ते उतरले नाहीत. "बाप रे! अकराशे दिरहॅम! म्हणजे पंचवीस-सव्वीस हजार रुपये! सुदेश, एवढ्यात गावाला घरट्यासकट झाड मिळतं."

ते तसेच वाचत वाचत सुदेशच्या घरात शिरले. सविताबाईंनी चहा टाकला. दत्तारामांनी सोफ्यावर बैठक मारली आणि प्रवचनकाराच्या थाटात पुढचं वाचलं. "ऐका काकी. हा पक्षी म्हणजे आपली पाकोळी. गुहेत राहते. काड्या नाहीत, गवत नाही, माती नाही. हे अख्खं घरटं ती तोंडातल्या लाळेने बांधते. नुसती थुंकी! आहे की नाही कमाल?"

स्वयंपाकघरातून चहाची गाळणी ओट्यावर आपटल्याचा आवाज आला.

इथे एक सांगायला हवं. परुळेकरांच्या घरात खाण्याचं सोवळं-ओवळं असं फार नव्हतं. बांगडे, तिसऱ्या, कोंबडी, सगळं चालायचं. सोमवार आणि चतुर्थी तेवढी पाळायची. पण उष्टं! उष्ट्याच्या बाबतीत सविताबाई आयुष्यात एका तसूनेही हलल्या नव्हत्या. नवऱ्याने तोंड लावलेल्या पेल्यातून त्या कधी पाणी प्यायल्या नाहीत. येताना विमानात पाण्याच्या बाटलीचं झाकण जरा सैल लागलं, तर "ह्यातला कोणीतरी प्यायलाहा" म्हणून त्या साडेतीन तास कोरड्या घशाने बसून आल्या. अशा बाईच्या घरात सव्वीस हजार रुपयांचं उष्टं लाल पेटीतून आलं होतं.

"पाकोळी म्हणजे आमच्या बंदरासमोरच्या खडकात असतत तीच मां?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"तिच्याच जातीतली, काकी."

"ल्हानपणापासून बघतंय मी तिका. ती थुंकून घर बांधता ता माका म्हायत आसा. पण आमच्याकडे कोणी ता वाडग्यात घालून पोटुशी बायलेक दिल्यान नाय." मग मुलाकडे वळून, "बांगडो खाव, कोंबडो खाव. माणसाचा उष्टा मी जल्मात खाल्लंय नाय, आता पाखराची थुंकी घरात? माझ्या टोपात ता शिजूचा नाय. सांगून ठेवतंय."

दत्तारामांना आपण नेमकं काय केलं ते कळेना, म्हणून त्यांनी बिस्किट घेतलं. तेवढ्यात आतून शर्वाणीचा क्षीण आवाज आला.

"आई, मग बाळाच्या लाळेचं काय?"

एकीकडे पाकोळीची लाळ, दुसरीकडे नातवंडाची. साठ वर्षं प्राणपणाने पाळलेले दोन नियम सविताबाईंच्याच हॉलमध्ये एकमेकांसमोर शड्डू ठोकून उभे राहिले होते. त्या वाती वळायला बसल्या. त्या दिवशी गरजेपेक्षा खूप जास्त वाती झाल्या.

गुरुवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. डॉक्टर नबिला मूळच्या हैदराबादच्या. त्यांनी शर्वाणीला काट्यावर उभं केलं आणि काट्याकडे पाहून त्या हसल्या नाहीत. गेल्या वेळेपेक्षा आणखी दीड किलो कमी.

"सोमवारी परत या," त्या हिंदीत म्हणाल्या. "वजन आणखी उतरलं तर अ‍ॅडमिट करून सलाइन लावावं लागेल. घाबरू नका, पण मी आता वाट पाहणार नाही."

सुदेशने घसा खाकरून घरट्याचा विषय काढला. आईची हरकत, लाळ, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मान खाली घालून काहीतरी लिहिल्याचं नाटक केलं, पण त्यांचे खांदे हलत होते. "जादू-बिदू काही नाही त्यात. अंड्यातूनसुद्धा प्रथिनं मिळतात. पण नीट साफ केलेलं असेल, चांगलं शिजवलेलं असेल, अ‍ॅलर्जी नसेल, तर खाऊ दे. आत्ता हिच्या पोटात जे टिकेल तेच औषध."

परत येताना टॅक्सीत शर्वाणी खिडकीला डोकं टेकून बसली होती. ती म्हणाली, "सुदेश, मला सलाइनची भीती नाही वाटत. आपलं बाळ उपाशी आहे असं वाटतं सारखं." सुदेशने तिचा हात धरला आणि मनात ठरवलं, आई गेली वेंगुर्ल्याला, रविवारी हे सूप होणारच. आई अर्थात कुठेही गेलेली नव्हती, आणि हाच तर सगळा घोटाळा होता.

शिजवायचं कसं, हे समोरच्या फ्लॅटमधल्या हव्वाबीने सांगितलं. हव्वाबी दापोलीकडची. चाळीस वर्षं करामात. तिचे मालक बोटीवर होते आणि सिंगापूरला त्यांनी हे सूप पाहिलं होतं, प्यायले मात्र नव्हते. हव्वाबीने दारातच, आवाज खाली आणून, गुप्त खलबत केल्यासारखी कृती दिली. "थंड पान्यात रात्रभर भिजव. मग बारीक पिसं असतात ती वेचून काढ, एकेक. जाळावर ठेवू नको, वाफेवर शिजव. वरून खडीसाखर. आनि ऐक, कुनाला सांगू नको मी सांगितलं म्हणून. तुझी आई माझ्या हातची बिर्यानी खाते, ती बंद व्हायची."

किती भिजवायची, हे तिने सांगितलं नाही आणि सुदेशने विचारलं नाही. वेंगुर्ल्याच्या माणसाला भिजवणं म्हटलं की साबुदाणा आठवतो. भिजून फार तर दुप्पट होईल, हे धरून शनिवारी संध्याकाळी त्याने बेडरूममध्ये काचेच्या बाउलमध्ये सहाच्या सहा घरटी टाकली, बाउल ड्रेसिंग टेबलाखाली सरकवला आणि कृतार्थ मनाने जेवायला गेला.

जेवून आला तर बाउल भरला होता. झोपायच्या आधी घरटं काठावरून बाहेर डोकावत होतं. त्याने चोरपावलांनी जाऊन आईचं मोठं पातेलं उचलून आणलं, तेच, ज्याच्यात हे शिजणार नव्हतं. शिजवत कुठे आहोत, भिजवतोच आहोत, अशी त्याने स्वतःच्या सद्सद्विवेकबुद्धीची समजूत घातली. पहाटे उठून पाहतो तर पातेलंही निम्म्याहून जास्त भरलेलं. सहा ओंजळींचा एक अख्खा वाडा झाला होता.

"माझा मोठा टोप खंय गेला?" बाहेरून सविताबाईंनी विचारलं.

"माहीत नाही, आई!"

"बरा," एवढंच त्या म्हणाल्या.

मग पिसं. शर्वाणीचा भुवया कोरायचा चिमटा, टेबलावरचा दिवा आणि डोळ्यांवर चष्मा अशा सरंजामात सुदेश पहाटेपासून बसला. पिसं म्हणजे नुसते काळे केस. एक काढावं तर शेजारी दुसरं दिसे. शर्वाणी कुशीवर वळून त्याच्याकडे बघत होती.

"तुला किळस येतेय ना?" तिने विचारलं.

"छे!" सुदेश म्हणाला. खरं तर त्याला इतकी किळस येत होती की गेला तासभर तो तोंडाने श्वास घेत होता. आईचं रक्तच ते. पण हे सांगण्यासारखं नव्हतं. नवरेपणाचीही काही इभ्रत असते.

रविवारी विनायकी चतुर्थी होती. सविताबाई सकाळी दत्तारामांच्या गाडीतून बर दुबईला दूर्वा आणि फुलं आणायला गेल्या. बाराच्या आत येत नाही म्हणाल्या. दार लागताच सुदेश पातेलं घेऊन स्वयंपाकघरात धावला. ज्या मोदकपात्रात गणपतीचे मोदक उकडायचे त्याच्यात पाणी घालून वर त्याने आईचं पातेलं ठेवलं. एका गुन्ह्यात दोन भांडी बाटली. पाऊण तास वाफ. मग खडीसाखर. झाकण काढलं तर आत पारदर्शक, मऊ तंतूंचा ढीग थरथरत होता. वास कसलाच नाही. शर्वाणीच्या राणीचं सूप हेच. सुदेशला वाटलं, आता हे थंड व्हायला हवं, आणि तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

साडेदहाच वाजले होते. "दूर्वा लगेच गावली," सविताबाई आत येत म्हणाल्या. मागे दत्ताराम पिशव्या घेऊन. सविताबाई थेट ओट्याशी आल्या आणि पातेल्यात वाकून पाहिलं.

"ह्या काय?"

"खीर," सुदेश म्हणाला. आपण काय बोललो हे त्याला स्वतःलाही नंतर कळलं. "शेवयांची. शर्वाणीसाठी."

"दुधाशिवाय?"

"तिला दुधाचा वास सहन होत नाही ना, आई." ही थाप इतकी झटकन सुचली की त्याला स्वतःचं कौतुक वाटलं.

सविताबाई पातेल्याकडे बघत राहिल्या. "चाखलंस?"

"नाही." निदान हे तरी खरं होतं. कुणी लाख रुपये दिले असते तरी त्याने ते चाखलं नसतं.

"बरा झाला. चतुर्थी आसा. उष्टी करू नको, आधी देवाक दाखवतंय." असं म्हणत त्यांनी चांदीची वाटी काढली, पळीने काठोकाठ भरली आणि पदराने धरून देवाकडे नेली.

सुदेशला घाम फुटला. एसी सोळावर होता तरी फुटला. तोंड उघडावं तर थाप उघडी पडते आणि सूप सिंकमध्ये जातं. न उघडावं तर गणपती पाकोळीची लाळ खातो. एका बाजूला सोमवार, काटा आणि सलाइन. दुसऱ्या बाजूला विघ्नहर्ता. देवाला नंतर समजावता येईल, डॉक्टर नबिलांना येणार नाही, असा विचार करून तो गप्प राहिला. आयुष्यात प्रथमच आरती म्हणताना त्याचा आवाज फुटला नाही. दत्ताराम मात्र टाळ बडवून दोघांच्या वाटणीचं म्हणत होते. आवाज ऐकून हव्वाबी तिच्या दारात येऊन उभी राहिली. उघड्या दारातून तिला चांदीची वाटी दिसली, वाटीत काय आहे ते दिसलं, आणि तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

सविताबाईंनी वाटीभोवती पाणी फिरवलं आणि डोळे मिटले. रोज त्या पाच-दहा सेकंद मिटायच्या. आज मिनिटभर झालं, दोन मिनिटं झाली, ओठ हलतायत आणि डोळे मिटलेलेच. देव तक्रार करतोय की काय, असं सुदेशला वाटून गेलं.

मग प्रसाद. दत्तारामांच्या तळहातावर अर्धा चमचा. ज्या माणसाने लिफ्टपासून हॉलपर्यंत या पदार्थाची कुंडली वाचली होती, तो तळहात चाटून म्हणाला, "वा काकी! शेवया घरच्या दिसतात. बाजारच्या अशा मऊ होत नाहीत."

दारातून हव्वाबीला ठसका लागला.

सविताबाई उरलेली वाटी घेऊन बेडरूमशी गेल्या. शर्वाणी दाराला धरून उभी होती. तिने वाटीत पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. नवरा फॉल्स सीलिंगकडे पाहत होता. तिथली एक जोड चुकली असल्याचं त्याच्या प्रथमच लक्षात आलं होतं.

"प्रसाद हा गो," सविताबाई तिला म्हणाल्या. "पुरो संपव. प्रसाद टाकूचो नसता."

शर्वाणी कॉटवर बसून चमच्या-चमच्याने खाऊ लागली. सविताबाई समोर बसल्या. सुदेश बादली घेऊन दारात उभा राहिला, सवयीने. दत्तारामांनी काहीतरी बोलायला सुरुवात केली, तर हव्वाबीने त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. वाटी संपली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एरवी सहाव्या मिनिटाला सगळं परत यायचं. वीस मिनिटांनी शर्वाणीने वर पाहिलं. सुदेशच्या हातातली बादली गच्च आवळलेली.

"अजून आहे?" तिने विचारलं.

होतं म्हणजे काय, पातेलंभर होतं! तिने दुपारी खाल्लं, संध्याकाळी खाल्लं, आणि रात्री सुपासोबत चार घास मऊभातही. काहीही परत आलं नाही. चिमूटभरही नाही. सुदेशला आनंदाने नाचावंसं वाटत होतं, पण नाचायला जावं तर देवघरासमोरून जावं लागत होतं आणि तिथे नजर वर होत नव्हती. आईला फसवलं, आणि तिच्या हातून देवालाही. ही गोष्ट तो कुणाला सांगणार होता?

सोमवारी तिघं क्लिनिकमध्ये गेली. या वेळी सविताबाई हट्टाने आल्या. शर्वाणी काट्यावर चढली. डॉक्टर नबिला वाकून बघत राहिल्या, मग पुन्हा एकदा चढायला सांगितलं.

"चारशे ग्रॅम जास्त," त्या म्हणाल्या. "माशाल्ला! सलाइनची गरज नाही. काय दिलंत हिला?"

"खीर," सुदेश पटकन म्हणाला. "शेवयांची."

"खीर नहीं, डॉक्टर," सविताबाई आपल्या वेंगुर्ल्याच्या हिंदीत म्हणाल्या. "घोसला था. पाकोळी का."

सुदेश गर्रकन आईकडे वळला. मग कसाबसा म्हणाला, "तुला... तुला माहीत होतं?"

"मेल्या, चाळीस वर्सां शेवयो वळतंय मी. माका काय शेवयो कळनत नाय? रात्री माझा टोप चोरून नेलंस ता कळला नाय? मुद्दाम लवकर इलंय मी. म्हटलंय, ह्यो झील ता शर्वाणीक उष्टाच घालतलो."

"मग नैवेद्य का दाखवलास?"

सविताबाईंनी सुनेकडे पाहिलं. तीन आठवड्यांत गाल बसलेली, डोळ्यांखाली काळं आलेली ती पोर काट्याजवळ चप्पल शोधत होती. त्यांचा आवाज जरा खाली आला.

"तिका खावचा होता, आणि माझ्या हातून उष्टा दिला जायत नाय. रात्रभर इचार केलंय. मगे देवाक म्हटलंय, तुका पंचामृतात मध चलता. तो काय माशी चमच्यान वाढता? तोंडातलोच मां? मगे ह्या पण तूच आधी खा. देवान खाल्ल्यावर पाकोळीचा उष्टा रवला खंय? ता देवाचा उष्टा झाला. ता खावक कोणाची हरकत?"

डॉक्टर नबिलांना यातलं किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. आपण आईपासून लपवून बायकोसाठी काहीतरी मोठं केलं असं सुदेश दोन दिवस समजत होता. केलं होतं ते आईने, साठ वर्षांचा नियम न मोडता त्याला दार पाडून. त्याने तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने त्यात आपली पर्स दिली.

"आई," शर्वाणी चप्पल घालता घालता म्हणाली, "मला भूक लागलीय."

डॉक्टर पुढच्या तपासणीची तारीख सांगत होत्या. ती ऐकून घ्यायला सुदेश एकटाच उरला. सविताबाई सुनेच्या दंडाला धरून केव्हाच दाराबाहेर पडल्या होत्या.